पर्सेंटाइल अठ्ठ्याण्णव, तरी नंबर का नाही लागला?

या आठवड्याचं पत्र कराडहून आलं आहे. एक आई लिहितात:

‘माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे, बोर्ड आपलं महाराष्ट्राचंच. गणित घेतलेलं आहे. तिला दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचंय, ते नाही मिळालं तर बी.कॉम. ऑनर्स. इथले क्लासचे सर म्हणतात, सीयूईटीला गणित कशाला घेताय, स्कोअर पडेल, सोपे विषय घ्या आणि पर्सेंटाइल काढा. माझ्या जावेच्या मुलीला दोन विषयांत ९८च्या वर पर्सेंटाइल होतं, तरी तिला हवं ते कॉलेज मिळालं नाही. तिच्याच वर्गातल्या, बारावीला ८१ टक्के असलेल्या मुलाला मात्र मिळालं. मग बारावीला किंमत काय राहिली? कॉलेजवाले नक्की बघतात तरी काय? मुलगी एकुलती एक आहे, एवढ्या लांब पाठवावी का, हेही सांगा.’

ताई, नमस्कार.

आधी सरांच्या सल्ल्याचं बघू, कारण फॉर्मची मुदत कुणासाठी थांबत नाही. सीयूईटी म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची देशभरची सामाईक परीक्षा. तिच्यात गणिताचा पेपर दिला नाही, तर तुमच्या मुलीचं दिल्लीतलं इकॉनॉमिक्स ऑनर्स फॉर्म भरतानाच संपलं. बाकीच्या विषयांत ती देशात पहिली आली तरी त्या कोर्सच्या यादीत तिचं नाव येणार नाही. दिल्ली विद्यापीठात या कोर्सला कुठल्या विषयांच्या गुणांची बेरीज धरायची, ते ठरलेलं आहे: एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय. बी.कॉम. ऑनर्सला गणित किंवा अकाउंटन्सी यांतलं एक चालतं, म्हणून तिथे वाट उरते. पण तिची पहिली पसंती इकॉनॉमिक्स आहे, तेव्हा गणित द्यायलाच हवं. सरांचा हेतू वाईट नसेल. ‘स्कोअरिंग विषय घ्या’ हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जाणारा सल्ला आहे आणि बोर्डाच्या टक्केवारीसाठी तो चालूनही जायचा. इथे आधी कोर्स ठरतो आणि कोर्सच विषय ठरवतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. २०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे बहुतेक प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर, कटऑफ लावून होत. त्या वर्षी हिंदू कॉलेजात पॉलिटिकल सायन्स ऑनर्सचा पहिला कटऑफ १०० टक्के होता. श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये इकॉनॉमिक्स आणि बी.कॉम. ऑनर्स, दोन्हीकडे १००. एका बोर्डाचे ९२ आणि दुसऱ्या बोर्डाचे ९८ यांत खरं वरचढ कोण, हे सांगायची सोय नव्हती, आणि हात आखडून गुण देणाऱ्या बोर्डाची मुलं मागे राहायची. मार्च २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जाहीर केलं की केंद्रीय विद्यापीठांतले पदवीचे प्रवेश सीयूईटीवर होतील. तेव्हापासून दिल्लीत बारावीचं मुख्य काम एवढंच: तुम्ही पास असायला हवं, आणि सीयूईटीत दिलेला विषय तुम्ही बारावीला शिकलेला असायला हवा. गुणवत्ता यादी लागते ती सीयूईटीच्या बेरजेवर. त्यामुळे ८१ टक्क्यांच्या त्या मुलाने कुणाचं काही हिसकावलेलं नाही. त्याची चार विषयांची बेरीज जास्त होती, एवढाच त्याचा अर्थ.

मग जावेच्या मुलीचं ९८ पर्सेंटाइल कुठे गेलं? पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत तो आकडा, हे तुम्हाला माहीत असेल. पण पर्सेंटाइलची बेरीज होतच नाही, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. स्कोअरकार्डवर प्रत्येक विषयापुढे दोन आकडे असतात: एक पर्सेंटाइल, दुसरा नॉर्मलाइज्ड स्कोअर. विद्यापीठ दुसरा आकडा घेतं.

तो कसा निघतो ते बघा. २०२५ पासून प्रत्येक पेपरला ५० प्रश्न, ६० मिनिटं, सगळे प्रश्न सक्तीचे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं की एक वजा, म्हणजे पेपर २५० गुणांचा. एकाच विषयाला लाखांनी मुलं बसली की परीक्षा अनेक शिफ्टमध्ये घ्यावी लागते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. समजा, गणिताचा सकाळचा पेपर अवघड निघाला आणि दुपारचा सोपा. सकाळी १९० गुण मिळवणारी मुलगी तिच्या शिफ्टमधल्या ९५ टक्के मुलांच्या पुढे आहे. दुपारच्या शिफ्टमध्ये तेवढंच पुढे असायला २१० लागले. दोघांचंही पर्सेंटाइल ९५. मग ९५ पर्सेंटाइलला कुठल्या शिफ्टमध्ये किती गुण पडतात ते काढून सरासरी घेतात, आणि दोघांच्याही नावावर साधारण २०० लागतात. सकाळच्या मुलीचे दहा वाढले, दुपारच्याचे दहा गेले. निकालानंतर ‘उत्तरतालिकेप्रमाणे माझे २१० होत होते, २०० कसे झाले’ म्हणून घरोघरी जो गोंधळ उडतो, तो यातून. कुणी गुण कापलेले नसतात.

आता ९८चा हिशोब. एखाद्या विषयाला पाच लाख मुलं बसली असं धरा. ९८ पर्सेंटाइल म्हणजे तिच्या पुढे सुमारे दहा हजार मुलं. नावाजलेल्या कॉलेजात एका कोर्सला खुल्या वर्गाच्या जागा किती असतात? बऱ्याच ठिकाणी काही डझन. शिवाय तिचे दोन विषय ९८च्या वर होते, उरलेल्या दोघांचं काय, हे तुमच्या पत्रात नाही. बेरीज चार विषयांची लागते, आणि एक विषय १७० वर राहिला तर बाकीचे तीन कितीही चांगले असले तरी ते भरून काढणं कठीण जातं. माझा अंदाज आहे की तिथेच घोडं अडलं असावं.

यातली एक गोष्ट मला स्वतःला पटत नाही. नॉर्मलायझेशन होतं ते एकाच विषयाच्या वेगवेगळ्या शिफ्टमध्ये. विषया-विषयांत होत नाही. गणितातले २०० आणि बिझनेस स्टडीजमधले २०० बेरजेत सारखेच धरले जातात, मग एका पेपरात देशभरची मुलं गडगडलेली असोत की दुसऱ्यात सगळ्यांनीच पैकीच्या पैकी मिळवलेले असोत. म्हणजे ज्या कोर्सला विषय निवडायची मोकळीक आहे, तिथे तुमच्या सरांचं म्हणणं थोडंफार खरं ठरतं. पॉलिटिकल सायन्स, हिस्टरी यांसारख्या ऑनर्सना एक भाषा आणि तीन विषय अशी बेरीज चालते, ते तीन कुठले हे बरंचसं मुलांवर असतं. तिथे ज्या विषयात हात बसलाय तो घेणं शहाणपणाचं. बी.एस्सी. ऑनर्स फिजिक्सला उलट आहे: भाषेत किमान ३० टक्के मिळवले की भाषेचं काम संपलं, यादी लागते फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित यांच्यावर. इंग्लिश ऑनर्सला इंग्रजीचा पेपर हवाच. बी.एम.एस.ला (व्यवस्थापनाची पदवी) भाषा, गणित आणि जनरल टेस्ट, म्हणजे सामान्य ज्ञान आणि तर्काचा पेपर. एकच स्कोअरकार्ड, पण एका कोर्सला मुलगी यादीत वर दिसते आणि दुसऱ्याला यादीतच नसते. ‘दिल्लीला किती स्कोअर लागतो?’ असं कुणी विचारलं की मी म्हणूनच उलट विचारते, कुठल्या कोर्सला?

तुमच्या मुलीपुरतं बोलू. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. इंग्रजी, गणित, अकाउंटन्सी आणि इकॉनॉमिक्स हे चार मी डोळे झाकून घेईन. यात इकॉनॉमिक्स ऑनर्सही बसतं आणि बी.कॉम. ऑनर्सही. पाचव्यासाठी तीन पर्याय आहेत. बी.एम.एस.चा विचार असेल तर जनरल टेस्ट. नसेल तर बिझनेस स्टडीज, म्हणजे अकाउंटन्सी किंवा इकॉनॉमिक्सचा पेपर बिघडला तर त्याच्या जागी हा उभा राहील. तिसरा पर्याय मराठी. सीयूईटीच्या तेरा भाषांत मराठी आहे आणि दिल्ली विद्यापीठाच्या भाषांच्या यादीतही आहे, त्यामुळे भाषेच्या जागी इंग्रजीऐवजी मराठीचे गुण धरले जाऊ शकतात. तिने बारावीला मराठी घेतली असेल आणि उतारे वाचून झटपट उत्तरं देण्यात ती तरबेज असेल तर हा विचार जरूर करा. मात्र पुढची तीन-चार वर्षं तिला इकॉनॉमिक्स इंग्रजीतून शिकायचं आहे, म्हणून इंग्रजीचा पेपर मी सोडणार नाही. मराठी घेतलीच तर जोडीला.

गणिताची भीती थोडी कमी करते. सीयूईटीत ‘मॅथेमॅटिक्स/अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ असा एकच विषय आहे. सुरुवातीचा भाग सगळ्यांना सारखा, पुढे दोन वाटा. आपल्या कॉमर्सच्या गणितात अॅन्युइटी, टाइम सिरीज, इंडेक्स नंबर, लिनिअर प्रोग्रामिंग हे सगळं आहे, आणि अप्लाइडच्या वाटेवर नेमकं तेच भेटतं. सायन्सच्या मुलांशी त्रिमितीय भूमितीत झुंजायची तिला गरज नाही. दिल्ली विद्यापीठ इकॉनॉमिक्ससाठी दोन्ही वाटा मान्य करतं.

खरी अडचण दुसरीकडेच आहे, आणि तिच्याबद्दल क्लासमध्ये फारसं बोललं जात नाही. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या अंगाने जातो. आपली मुलं वर्षभर बालभारतीचं पुस्तक घोकतात. बारावीचं आपलं अर्थशास्त्राचं पुस्तक उघडा: उपयोगिता, मागणी, लवचीकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, नाणे बाजार आणि भांडवल बाजार, विदेशी व्यापार. सूक्ष्म अर्थशास्त्राचा पाया त्यात चांगला आहे. पण एनसीईआरटीच्या बारावीत समग्र मागणीवरून उत्पन्न कसं ठरतं, गुणक कसा काढायचा, यावर एक पूर्ण प्रकरण आहे. आपल्याकडे ते नाही. सीयूईटीच्या इकॉनॉमिक्समध्ये भारताच्या आर्थिक विकासाचाही मोठा भाग असतो: १९५० ते १९९० ची धोरणं, १९९१ च्या सुधारणा, रोजगार, शेती, चीन-पाकिस्तानशी तुलना. यातलं थोडंफार आपली मुलं अकरावीला वाचतात आणि विसरतात. बुक-कीपिंगमध्ये भागीदारी पक्की असते, पण एनसीईआरटीतला कंपनीच्या डिबेंचरच्या नोंदींचा धडा आपल्या बुक-कीपिंगच्या पुस्तकात नाही. एसपीच्या (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) नावाचा पेपर सीयूईटीत नाही, तरी एसपी वाया जात नाही, कारण बिझनेस स्टडीजमधला फायनान्शियल मार्केटचा धडा तिला तिथूनच समजलेला असेल. ओसीतली (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) फायोल-टेलरची तत्त्वं, व्यवस्थापनाची कार्यं, मार्केटिंग, ग्राहक संरक्षण हे बिझनेस स्टडीजमध्ये जसंच्या तसं उपयोगी पडतं.

म्हणून वेगळी महागडी ‘सीयूईटी बॅच’ लावण्याआधी एनसीईआरटीची बारावीची पुस्तकं घ्या. त्यांच्या वेबसाइटवर ती फुकट मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत तिला दोन अनुक्रमणिका शेजारी ठेवून बसवा आणि आपल्याकडे नसलेल्या प्रकरणांवर खुणा करायला सांगा. तेवढीच प्रकरणं जादा. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, सीयूईटी साधारण मे महिन्यात. मधला वेळ या खुणा केलेल्या प्रकरणांना आणि घड्याळ लावून पेपर सोडवण्याला पुरतो. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही, आणि आपल्या मुलांना तर पुरवणी लावून लिहायची सवय. हात जिथे अडतो ते बहुतेक वेळा ज्ञानामुळे नसतं, वेगामुळे असतं.

बारावीला किंमत काय, असं तुम्ही विचारलंत. दिल्लीपुरती तिची किंमत बरोबरी सोडवण्याची. दोन मुलांची सीयूईटीची बेरीज सारखी झाली तर बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांची टक्केवारी बघतात. तीही सारखी असेल तर चार विषयांची, मग पाचांची. तरीही बरोबरी राहिली तर वयाने मोठं असेल त्याला आधी, आणि शेवटी इंग्रजी वर्णाक्षरांप्रमाणे नाव. (हो, खरंच. आद्याक्षर ‘ए’ असल्याचा फायदा आयुष्यात एकदा तरी होऊ शकतो.) गर्दीच्या कोर्सला अशा बरोबऱ्या होतात, म्हणून ‘पास झालं की बस’ या सल्ल्यावरही जाऊ नका.

प्रत्येक कॉलेज हे सगळं एकाच पद्धतीने तोलतं असंही नाही. सेंट स्टीफन्स दिल्ली विद्यापीठाचंच कॉलेज, पण अल्पसंख्याक संस्था. तिथे ख्रिश्चन विद्यार्थ्यांच्या जागांसाठी सीयूईटीला ८५ टक्के आणि मुलाखतीला १५ टक्के वजन असतं. सगळ्यांनाच मुलाखत हवी असा कॉलेजचा आग्रह होता. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की बाकीच्या जागांवर फक्त सीयूईटी. तुमच्या मुलीला त्यामुळे मुलाखतीच्या तयारीचे पैसे कुणाला द्यायची गरज नाही.

आता ती पायरी, जिथे चांगला स्कोअर असलेली मुलंही घसरतात. निकालानंतर विद्यापीठाच्या पोर्टलवर कोर्स आणि कॉलेज यांच्या जोड्यांचा पसंतीक्रम भरायचा असतो. आपली मुलं पाच-सहा प्रसिद्ध नावं भरून मोकळी होतात. भरपूर भरा, अगदी साठ-सत्तर जोड्या झाल्या तरी चालतील, पण क्रम मनापासूनचा हवा. कारण मिळालेली जागा ‘अपग्रेड’ला ठेवली की पुढच्या फेरीत त्या जागेच्या वरच्या पसंतींचाच विचार होतो, आणि वरची मिळाली की खालची आपोआप जाते, परत मागता येत नाही. पहिल्या फेरीत मिळालेलं कॉलेज आवडलं नाही म्हणून जागा स्वीकारलीच नाही, तर मुलगी प्रक्रियेतूनच बाहेर पडते. जावेच्या मुलीच्या बाबतीत यांतलं काही झालं होतं का, हे एकदा विचारून बघा. स्कोअरला बोल लावण्याआधी हे तपासायला हवं.

एकुलती एक म्हणालात, ते इथे कामाला येऊ शकतं. २०२४-२५ पासून दिल्ली विद्यापीठात एकुलत्या मुलीसाठी प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक कोर्सला एक जादा जागा ठेवतात. नोंदणी करतानाच ते नमूद करावं लागतं, नंतर आठवून उपयोग नाही. जातीच्या दाखल्याचंही आत्ताच बघा. ओबीसी असाल तर केंद्राच्या यादीत तुमची जात आहे का ते पाहून केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. आपल्या राज्यातलं एसईबीसी (मराठा समाजाचं) आरक्षण केंद्रीय विद्यापीठात लागू नाही. त्या घरांनी उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असेल तर केंद्राचा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला काढावा. एप्रिल उजाडला की तहसीलला चकरा सुरू करा. जूनमध्ये तिथे काय गर्दी असते, ते मी सांगायला नको.

राहिला लांब पाठवण्याचा प्रश्न. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, पाठवा. पण कॉलेजपाठोपाठ राहण्याचा प्रश्न त्याच दिवशी सोडवायला घ्या. प्रवेश मिळाला म्हणजे हॉस्टेल मिळालं, असं तिथे नसतं. अनेक कॉलेजांना हॉस्टेलच नाही, आणि ज्यांना आहे तिथे वेगळा अर्ज, वेगळी यादी. नॉर्थ कॅम्पसची मुलं कमला नगर, विजय नगरच्या पीजीत राहतात आणि तिथली भाडी कराडच्या हिशोबाने डोळे पांढरे करणारी आहेत. कॉलेजच्या फीपेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च कितीतरी जास्त होतो. हा आकडा मुलीसमोर मोकळेपणाने मांडा, म्हणजे पसंतीक्रम भरताना हॉस्टेल असलेली कॉलेजं वर घ्यायची की नाही हे तीच ठरवेल.

आणि दिल्ली जमलं नाही तर? मुंबई-पुण्यात बी.ए., बी.कॉम.चे बहुतेक प्रवेश आजही बारावीच्या गुणांवर होतात, तिथे सीयूईटीचा कागद कुणी मागत नाही. बी.एम.एस., बी.बी.ए.साठी २०२४ पासून राज्याच्या सीईटी सेलची वेगळी परीक्षा आहे, तिचा फॉर्मही भरून ठेवा. तुमच्या मुलीने बोर्डाला ८५-९० काढले तर इकॉनॉमिक्सची चांगली जागा पुण्यातही मिळू शकते, आणि कराडहून पुणे बसने तीन-चार तासांचं आहे.